बाबांचा संगणक सकाळी चालूच होत नाही, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला (ऐरोली)

मिठागर | ८ जुलै, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, आज अडचण आहे म्हणून धागा काढतेय.

घरचा डेस्कटॉप २०१३ साली असेंबल करून घेतलेला. कोअर आय थ्री, चार जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. वापरतात फक्त बाबा. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. तशा गाणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. बाबा निवृत्त झाल्यापासून ऐरोली, घणसोली, गोठिवली, तळवलीला घरोघर जाऊन वह्यांत ते धवले उतरवून आणतात आणि मग टाइप करतात. शिवाय बोलीतल्या शब्दांची यादी आहे. मिठागरातले शब्द, भातशेतीतले शब्द, जाळ्यांची नावं. एकंदर साडेचारशे पानं झालीत. ती सगळी या एका मशीनमध्ये आहेत.

जूनच्या मध्यापासून सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा गरका मारतो आणि थांबतो. पुन्हा दाबायचं, पुन्हा तेच. दहा-पंधरा वेळा केलं की एकदाचा चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. घड्याळही रोज मागे पडलेलं असतं. परवापासून पंखा फिरतो, दिवा लागतो, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

जवळच्या दुकानात दाखवला. पाच मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड उडालाय, याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या, जुन्यातला डेटा मिळेल याची खात्री नाही. बाबा तेव्हापासून जेवणावर नीट बसलेले नाहीत. खरंच सगळं गेलं का हो?

खारेगाव | ८ जुलै, रात्री १०:१५

ताई, आधी बाबांना जेवायला बसवा. मदरबोर्ड गेला असला तरी फाइली त्यात नसतात, हार्ड डिस्कमध्ये असतात. ती वेगळी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्क सुरू झाल्यावर खट्-खट् असा ठरावीक आवाज येत होता का? नसेल तर बहुतेक ती शाबूत आहे.

आज रात्रीपासून बटण दाबणं बंद. आणि कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका, कितीही घाई केली तरी.

रानजाई | ८ जुलै, रात्री १०:३२

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर साधा पांढरा खोडरबर फिरवा, पुसून परत बसवा. पावसाळ्यात आमच्याकडे दर वर्षी हे करावं लागतं. आधी एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी. मॉनिटरची केबल पण काढून घाला.

जुनासोल्डर | ८ जुलै, रात्री ११:०५

मी ठाण्यात पंचवीस वर्षं मॉनिटर आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) दुरुस्त केले. रॅम बघा, त्यात काही बिघडत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत "सकाळी पंधरा वेळा, मग दिवसभर ठीक" हे फार बोलकं आहे.

दोन प्रश्न. एक, रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? दोन, एसएमपीएस २०१३ चाच आहे का?

मिठागर | ८ जुलै, रात्री ११:२०

हो काका, बाबा रात्री न चुकता भिंतीवरचं बटण बंद करतात, शॉर्टसर्किटची त्यांना धास्ती आहे. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला तोच. यूपीएस होता, त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून थेट बोर्डाला लावलाय. डिस्कचा खट्-खट् आवाज नाही.

जुनासोल्डर | ८ जुलै, रात्री ११:५८

मग ऐका, जरा लांबण लागेल.

संगणक बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. जांभळ्या वायरीवर तो सतत ५ व्होल्ट देतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही कॅबिनेटचं बटण दाबता तेव्हा मदरबोर्ड याच ५ व्होल्टांवर जागा होऊन मोठ्या भागाला "चल" म्हणून सांगतो. आता या भागात कपॅसिटर असतात, वीज थोडा वेळ साठवणारे, लहान पिंपासारखे, आत ओलसर रसायन असलेले. दहा-बारा वर्षं उष्णता खाऊन ते आतून सुकत जातात. सुकलेला कपॅसिटर गार असताना फार कमी काम करतो, थोडा तापला की हालचाल करू लागतो. म्हणजे तुम्ही पंधरा वेळा बटण दाबत होता तेव्हा बटणाने काही होत नव्हतं. मधल्या दहा मिनिटांत तो भाग ऊब धरत होता.

बाबा रात्री भिंतीवरून बंद करतात, म्हणून रोज सकाळी तो पूर्ण गार. बटण चालू ठेवत असते तर हा दोष कदाचित आणखी सहा महिने दिसला नसता. घड्याळाचंही तेच. भिंतीवरून वीज असते तोवर घड्याळ त्या स्टँडबायवर चालतं, बंद केलं की बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. रोज रात्री तीच खर्च होते. बाबांची सवय चुकीची नाही, पावसात विजा चमकत असताना ती चांगलीच. फक्त जुन्या मशीनचं दुखणं त्यामुळे उघडं पडलं.

कोणाकडे मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) असेल तर बघा. मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने जांभळ्या वायरीशेजारी मीटरचं लाल टोक, म्हणजे प्रोब, हळूच सरकवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला. भिंतीवरचं बटण चालू, संगणक बंद. ४.७५ ते ५.२५ च्या आत आकडा आला पाहिजे. एकदा सकाळी गार असताना घ्या आणि एकदा तासाभराने.

कोपरखैरणेकर | ९ जुलै, सकाळी ८:१०

एसएमपीएस खोलून हेअर ड्रायरने आतला दमटपणा घालवला की होतं. आमच्या एका शेजाऱ्यांनी केलंय.

जुनासोल्डर | ९ जुलै, सकाळी ८:२५

कृपया कोणी एसएमपीएसचा डबा खोलू नका. आपल्याकडच्या २३० व्होल्टांचे आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. माझ्या हाताखालच्या पोराला बसलेला झटका मी पाहिलाय, तो कपाटावर जाऊन आदळला होता. बाहेर आलेल्या वायरींवर १२ व्होल्टपेक्षा जास्त काही नसतं, तिथे मोजायला भीती नाही. डब्याच्या आत जायचं नाही.

कोपरखैरणेकर | ९ जुलै, सकाळी ८:४०

बरोबर काका, माझा प्रतिसाद कोणी मनावर घेऊ नये.

नौपाडा_४००६०२ | ९ जुलै, सकाळी ९:३०

कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का, हे विचारायचं राहिलं. येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असतो, पण झिणझिण्या येतात. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या भोकात वायरच नव्हती, नुसतं भोक होतं.

मल्टिमीटर आणलात तर सॉकेटमध्येही मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढाच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. सॉकेटमध्ये मोजायची सवय नसेल तर मात्र वायरमनलाच बोलवा.

मिठागर | ९ जुलै, रात्री १०:४५

आजचा वृत्तान्त. मावसभाऊ कळव्याहून मल्टिमीटर घेऊन आला. कॅबिनेट उघडलं. मागच्या जाळीवर धुळीचा नमदा जमला होता, बोटाने ओढला तर अख्खा सुटून आला. खाडीच्या वाऱ्याने स्क्रूंवर तांबूस गंज. झिणझिण्या नाहीत, सॉकेटमध्ये अर्थिंग ठीक निघालं.

रॅम खोडरबराने पुसल्या, एकेक लावून पाहिली, फरक नाही.

जांभळी वायर: बटण चालू केल्या केल्या ४.२१. तासाभराने ४.७८. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं! भाऊ आकडा वाचत होता आणि बाबा वहीत लिहून घेत होते.

जुनासोल्डर | ९ जुलै, रात्री ११:१०

म्हणजे एसएमपीएस दमलाय. मदरबोर्डावर शिक्का मारायची वेळ अजून आलेली नाही. पण नवा आणण्याआधी डिस्क काढा आणि सगळं उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

खारेगाव | ९ जुलै, रात्री ११:३०

डिस्क जोडायला साटा ते यूएसबी असं अडॅप्टर लागेल. घेताना १२ व्होल्टचा वेगळा चार्जर बरोबर असलेलंच घ्या. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरते, डेस्कटॉपची मोठी साडेतीन इंची फिरत नाही. लोक इथेच फसतात आणि डिस्क मेली म्हणून रडतात. कळव्याला या, माझ्याकडचं देतो, विकत कशाला घेता.

दुसऱ्या संगणकावर बाबांच्या नावाचा फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येईल. 'कंटिन्यू' दाबायचं आणि थांबायचं, वेळ लागतो. डिस्कवर काही लिहायचं नाही, फक्त कॉपी. विंडोज स्वतःहून 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, त्याला आत्ता नको म्हणा.

मिठागर | ११ जुलै, रात्री ९:१५

खारेगावदादा, अडॅप्टरबद्दल मनापासून आभार. डिस्क फिरली, फोल्डर दिसले, सगळं माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर घेतलं.

पण फाइल उघडली आणि छातीत धस्स झालं. मराठीचा एक शब्द नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, आकडे, पानंच्या पानं. बाबा मागे उभे होते, त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन बसले. डिस्क खराब होत आली होती का?

वाचनमात्र | ११ जुलै, रात्री ९:२८

ताई, गॅलरीत जाऊन आत्ता सांगा की सगळं शाबूत आहे. मी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम करते, हे दृश्य आठवड्यातून एकदा बघते.

बाबांनी शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी यांपैकी कुठल्या तरी फॉन्टमध्ये टाइप केलंय. हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फॉन्ट त्या जागी 'क' किंवा वेलांटीचं चित्र दाखवतो. लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून उघडं अक्षर दिसतंय. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे छपाईची दुकानं, शाळा, सरकारी कचेऱ्या कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर होत्या. बाबा जिथे शिकले तिथे तेच असणार.

जुन्या डिस्कवर विंडोज नावाचा फोल्डर, त्यात फॉन्ट्स. तो अख्खा फोल्डर कॉपी करा. मग फाइलमध्ये अक्षरांवर क्लिक करून फॉन्टच्या खिडकीत काय नाव दिसतं बघा आणि तेवढा फॉन्ट लॅपटॉपवर इन्स्टॉल करा. दुकानदाराने फॉरमॅट केलं असतं तर फाइली कदाचित त्याने वाचवल्याही असत्या, पण हा फॉन्ट गेला असता. मग तो दुसरीकडून मिळवेपर्यंत ही पानं वाचता आली नसती.

मिठागर | ११ जुलै, रात्री १०:०५

शिवाजी ०१.

इन्स्टॉल केला, फाइल बंद करून उघडली. पहिलंच पान हळदीच्या धवल्याचं. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, आणि आई स्वयंपाकघरातून पुढची ओळ म्हणाली.

ताई, तुम्ही नसता तर मी डिस्क खराब झाली असंच धरून बसले असते.

रानजाई | ११ जुलै, रात्री १०:२०

वाचून डोळ्यात पाणी आलं. आईंनाही रेकॉर्ड करून ठेवा हो.

नौपाडा_४००६०२ | १२ जुलै, सकाळी १०:००

आता एसएमपीएस. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे ४५० वॅट भरपूर झाला. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तसला बिननावाचा घेऊ नका. डब्यावर '८० प्लस'ची (वीज कमी वाया जाते याची) खूण आणि तीन वर्षांची वॉरंटी बघा. वजनही हातात घेऊन बघा, हलका डबा म्हणजे आत काटकसर.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, तोच. रविवारी मात्र जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. एका पार्टसाठी इतकं जायची गरज नाही खरं तर, वाशीत किंवा ठाणे स्टेशनजवळही मिळेल. बिल मात्र घ्या, त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही.

मिठागर | १३ जुलै, रात्री ८:४०

वाशीहून घेतला, सीआर २०३२ पण आणली. जुनी बॅटरी मोजली तर २.४ व्होल्ट. दोन्ही बदलले. आता पंखा पहिल्या फटक्यात फिरतो, पण मॉनिटर अजून काळा. म्हणजे दुकानदार म्हणत होता तेच खरं का?

जुनासोल्डर | १३ जुलै, रात्री ८:५२

घाई नको. मोठा २४ पिनांचा लावलात, प्रोसेसरशेजारचा चौकोनी ४ पिनांचा लावलात का? दोन पिवळ्या, दोन काळ्या वायरी. तो राहिला तर पंखे फिरतात आणि प्रोसेसरला वीजच मिळत नाही. बसवताना भिंतीवरून बंद करा.

मिठागर | १३ जुलै, रात्री ९:०४

तोच राहिला होता. कॅबिनेटच्या कोपऱ्यात केबलच्या गुंडाळीखाली दडला होता. लावला आणि कंपनीचा लोगो दिसला!

पण आता पांढऱ्या अक्षरांत सीमॉस चेकसम एरर, एफ १ दाबा असं येतं. दाबलं की विंडोज सुरू व्हायला लागतं, गोल गोल फिरतं आणि निळा पडदा. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग रिस्टार्ट, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी 'ऑटोमॅटिक रिपेअर' आलं. त्यात 'रिसेट धिस पीसी' असं एक बटण आहे, ते दाबू का?

खारेगाव | १३ जुलै, रात्री ९:०७

नको नको नको. थांबा तिथेच.

जुनासोल्डर | १३ जुलै, रात्री ९:३०

खारेगाव यांनी वेळेवर अडवलं. रिसेट दाबलं तर विंडोज नव्याने बसतं आणि बाबांचे सगळे प्रोग्रॅम जातात. तुमचं विंडोज बिघडलेलं नाही.

बॅटरी काढलीत तेव्हा बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम) सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या, तो कारखान्यातल्या सेटिंगवर आला. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर कारखान्यातून साटा मोड (बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत) 'आयडीई' असायचा आणि विंडोज घालणारा माणूस तो 'एएचसीआय' करून ठेवायचा. आता तो परत आयडीई झाला. विंडोजला ज्या दाराने डिस्कपर्यंत जायची सवय, ते दारच सापडत नाही, म्हणून निळा पडदा.

चालू करताना डिलीट की दाबत राहा, बायोस उघडेल. आधी तारीख-वेळ बरोबर करा, नाहीतर नंतर वेबसाइटी सुरक्षित नाहीत म्हणून तक्रार करतील. मग साटा कॉन्फिगरेशन, त्यात मोड. आयडीई असेल तर एएचसीआय करा. बूटच्या यादीत हार्ड डिस्क पहिली. एफ १० दाबून सेव्ह. दुसरं काहीही बदलू नका.

मिठागर | १३ जुलै, रात्री ९:५५

झालं. झालं झालं झालं!

बाबांचा डेस्कटॉप, तलावातल्या कमळाचं वॉलपेपर, डाव्या कोपऱ्यात 'धवले नवीन' नावाचा फोल्डर. सगळं जिथल्या तिथे. बाबांनी दोनदा बंद करून चालू करून पाहिला, दोन्ही वेळा पहिल्या बटणाला.

मदरबोर्ड उडाला म्हणून सांगणाऱ्याने एक वायर मोजली असती तर आमचे पाच दिवस असे गेले नसते. राग त्याच्या चुकीचा नाही, चूक कोणाचीही होते. न तपासता इतक्या ठामपणे सांगितलं आणि बाबा ते खरं धरून बसले, याचा आहे.

वाचनमात्र | १३ जुलै, रात्री १०:१०

किती छान! आता त्या फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. शिवाजीतून युनिकोड करणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट आहेत. मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर करा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर. आणि आगरी शब्द संगणकाला तपासता येणार नाहीत, त्यामुळे तपासायचं बाबांनीच.

नौपाडा_४००६०२ | १४ जुलै, सकाळी ९:००

एक सांगायचं राहिलं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. टायपिंगला मशीन उत्तम आहे, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. डिस्कही तेरा वर्षांची आहे. दिवाळीपर्यंत एसएसडी (नव्या प्रकारची, न फिरणारी डिस्क) घालून घ्या आणि तोवर दर रविवारी पेनड्राइव्हवर कॉपी.

मिठागर | २० जुलै, संध्याकाळी ७:३०

यूपीएसची बॅटरी बदलली. कॉपी तीन ठिकाणी आहेत, एक पुण्याला आत्याकडे. बाबा भिंतीवरचं बटण अजूनही रोज बंद करतात, आता नवी बॅटरी आहे म्हणून मी काही म्हणत नाही.

युनिकोड करणं सुरू झालंय. रफार खरंच सरकतात. काल 'शिलोत्तर' आणि 'उघाडी' या शब्दांवर अडले होते, आज मिठागराच्या भागाची बावीस पानं झाली. बाबांनी विचारायला सांगितलंय: दिघा किंवा कळवा-खारेगाव भागात कोणाच्या घरी जुनी धवलारीण आजी असेल तर कळवाल का? ते स्वतः येतील, वही घेऊन.

खारेगाव | २० जुलै, संध्याकाळी ७:४४

माझ्या बायकोची आजी. ब्याऐंशीची आहे, कान थोडे कमी पण आवाज खणखणीत. रविवारी सकाळी घेऊन या बाबांना, निरोपात पत्ता पाठवतो.